माळावर तणमोर परत आणता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. येवला आणि नांदगावच्या शिवेवर तुमची बारा एकर मुरमाड जमीन आहे आणि तिला लागून गावचं गायरान. आजोबा सांगायचे की पावसाळ्यात या माळावर तणमोर उड्या मारायचे. तुम्ही स्वतः तो कधी पाहिलेला नाही. हा पक्षी आता नामशेष होण्याच्या काठावर आहे असं वाचल्यावर तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. गुजरात-राजस्थानातून अंडी किंवा पिल्लं आणून इथे सोडता येतील का? आणि ते जमत नसेल, तर माळाला कुंपण घालून झाडं लावली तर तो आपणहून येईल का?

दोन्हीची सरळ उत्तरं आधी देतो. अंडी-पिल्लं आणणं तुम्हाला, मला किंवा कुठल्याही संस्थेला परस्पर करता येत नाही. तणमोर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची अंडी उचलणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. आणि झाडं कृपा करून लावू नका. तणमोर उघड्या गवताचा पक्षी आहे. रोपवन उभं राहिलेल्या माळावर तो उतरत नाही.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. पक्षी कुठून आणायचा, हा तो नव्हे. आषाढात या पट्ट्यावरून जाणाऱ्या तणमोराला तुमच्या माळावर उतरावंसं का वाटावं, आणि उतरलाच तर ऑक्टोबरपर्यंत तो, त्याची मादी आणि पिल्लं तिथे जगतील का, हा आहे. याचं उत्तर मी नाशिकच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, नगर आणि खानदेशाच्या माळांवर इतकी वर्षं जे पाहिलं आणि या पक्ष्याबद्दल जे पक्कं माहीत आहे, त्यावरून देतो.

तणमोर हा आपल्याकडच्या माळढोक कुळातला सगळ्यात लहान पक्षी. नराचं वजन जेमतेम अर्धा किलो, मादी त्याहून थोडी भरलेली. एरवी दोघंही वाळल्या गवताच्या रंगाचे, पायाशी असले तरी दिसणार नाहीत असे. पावसाळा लागला की नराचं डोकं, मान आणि पोट काळंभोर होतं, पंखावर पांढरा पट्टा उठून दिसतो आणि कानामागून लांब बारीक तुरे फुटतात, टोकाशी रुंद होणारे. मग त्याच्या उड्या सुरू होतात. गवतातून एकदम सरळ वर, साधारण माणसाच्या उंचीइतका. मान मागे टाकलेली, पाय पोटाशी घेतलेले, पंखांची अशी फडफड की कर्रर्र असा कोरडा आवाज लांबवर ऐकू यावा, आणि पुढच्या क्षणी पुन्हा गवतात गडप. ढगाळ दिवस असेल तर हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं. एका दिवसात पाचशेच्या वर उड्या मारणाऱ्या नरांच्या नोंदी आहेत. गवत त्याच्या डोक्यावरून जाणारं, मादी त्याच गवतात कुठेतरी. तिला आपण दिसावं म्हणून त्याला वर यावं लागतं. इंग्रजांच्या काळात शिकाऱ्यांनी याच उड्यांचा फायदा घेऊन विणीच्या हंगामात बेसुमार तणमोर मारले.

तो स्थलांतर करतो, पण सैबेरियाहून वगैरे येत नाही. त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य आपल्याच देशात जातं. नैऋत्य मोसमी पावसाबरोबर तो गुजरात, आग्नेय राजस्थान, पश्चिम मध्य प्रदेश आणि वायव्य महाराष्ट्रात विणीसाठी येतो. पावसाळा सरला की दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे, दख्खनच्या पठारावर पांगतो. त्यामुळे तुमच्या आजोबांची आठवण पटण्यासारखी आहे. नाशिकच्या पूर्वेचा अवर्षणग्रस्त पट्टा या विणीच्या प्रदेशात बसतो.

आता आकडे, कारण माझा सगळा सल्ला त्यांच्यावर उभा आहे. १९८२ साली देशभरात तणमोरांचा अंदाज होता सुमारे ४,४००. मधे दुष्काळाची वर्षं गेली आणि १९८९ मध्ये तो उतरला सुमारे १,७०० वर. १९९४ मध्ये तो २,२०० च्या आसपास होता आणि १९९९ मध्ये पुन्हा ३,५०० च्या घरात. रवी शंकरन या पक्षीशास्त्रज्ञांनी पावसाळ्या-पावसाळ्याला माळ तुडवून या पक्ष्यावर जे काम केलं, त्यामुळे यातलं बरंच काही आपल्याला माहीत आहे. या आकड्यांत मला सगळ्यात मोलाची गोष्ट दिसते ती अशी की तणमोर सावरू शकतो. दहा वर्षांत संख्या दुप्पट झाली, आणि ती कोणी पिंजऱ्यात अंडी उबवून केलेली नव्हती. पाऊस झाला, गवत वाढलं, पक्षी वाढले.

माळढोकाशी तुलना करा. माळढोकाची मादी साधारण एकच अंडं घालते आणि दरवर्षी घालेलच असं नाही. माळढोकाची संख्या एकदा घसरली की वर यायला पिढ्या जातात. तणमोराची मादी तीन-चार अंडी घालते. म्हणजे पैदास कमी पडते म्हणून तणमोर संपत चाललेला नाही. त्याचं दुखणं दुसरीकडे आहे. १९९९ नंतरही चांगले पावसाळे आले, पण तणमोर मात्र पूर्वीसारखा वर आला नाही. २०१७ च्या पावसाळ्यात विणीच्या सगळ्या प्रदेशात मोठी पाहणी झाली, तेव्हा १९९९ च्या तुलनेत सुमारे ८० टक्के घट दिसली. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अत्यंत संकटग्रस्त’ या वर्गात गेला. पाऊस पडत होता, पण पावसानंतर ज्या जमिनीवर गवत उगवायचं ती जमीनच हातची गेली होती.

म्हणून पिल्लं सोडण्याच्या कल्पनेकडे मी जपून बघतो. राजस्थानात माळढोक आणि तणमोर या दोघांचीही अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. तो चुकीचा नाही. रानातले पक्षी एखाद्या वाईट वर्षात संपले तर निदान बीज तरी हाताशी राहावं, यासाठी तो हवाच. पण वाढवलेलं पिल्लू अखेर सोडायचं कुठे? स्थलांतरी पक्ष्याच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट होतो, कारण सोडलेली जागा चांगली असून भागत नाही. भरतपूरच्या सैबेरियन क्रौंचांचं उदाहरण आठवा. साठच्या दशकात तिथे दोनशेच्या आसपास क्रौंच हिवाळ्याला यायचे. भरतपूरला पाणी होतं, राखण होती, राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तरी ते घटत गेले आणि २००२ नंतर तिथे आलेच नाहीत. वाटेत अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या टापूत त्यांची शिकार होत राहिली, आणि मुक्कामाची जागा कितीही राखली तरी वाटेतलं मरण भरून निघालं नाही.

तणमोराच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. त्याची वाट परदेशातून जात नाही. ती आपल्याच गावांवरून, आपल्याच ग्रामपंचायतींच्या हद्दीतून जाते. तुमच्यासारख्या एखाद्या शेतकऱ्याने मनावर घेतलं तर त्याचा उपयोग होतो, तो यामुळेच.

आता तुमच्या जमिनीबद्दल. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते तुम्हाला स्वतः फिरून तपासावं लागेल.

सगळ्यात आधी क्षेत्र. नुसत्या बारा एकरांवर तणमोराचं भागणार नाही. त्या बारा एकरांना लागून गायरान आहे, ते किती मोठं आहे? त्यापुढे वनविभागाची जमीन आहे का? तुमच्या भागात ममदापूरचं संवर्धन राखीव क्षेत्र काळविटांसाठी राखलेलं आहे. तुमचा माळ तिथवर सलग पोहोचतो, की मधे कांद्याच्या चाळी, शेततळी आणि द्राक्षबागा आल्यात? तणमोराला अखंड जंगल लागत नाही. राजस्थानात अजमेरजवळच्या शोकलिया भागात तर तो मूग, उडीद, ज्वारीच्या शेतांत आणि मधल्या पडीक तुकड्यांत विणीला येत आला आहे. त्यामुळे तुमच्या शेजाऱ्याची बाजरी, मूग, मठ, हुलगा ही पिकं तणमोराला चालतात. बाग, शेडनेट, ऊस आणि पाटपाणी आलेली बारमाही शेती चालत नाही. गावाचा नकाशा घ्या आणि त्यावर माळ, गायरान, कोरडवाहू कडधान्यं एका रंगात आणि बागायत दुसऱ्या रंगात भरा. पहिला रंग सलग दिसला तर आशा धरायला जागा आहे. बागायतीच्या मधोमध तुमचा एकटा तुकडा उरला असेल, तर तणमोर येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. तरीही तो तुकडा भोवत्या, चंडोल, माळटिटवी यांच्यासाठी राखण्यासारखा आहेच.

मग गवत. गायरानावर काय उगवतं ते ऑगस्टमध्ये जाऊन बघा. पवन्या, शेडा, मारवेल यांची ठोंबं दिसली तर जमीन अजून जिवंत आहे. सगळीकडे नुसती कुसळी असेल तर चराई फार झालेली आहे, पण राखण केली तर काही वर्षांत चांगलं गवत परत येतं. वेडी बाभूळ पसरली असेल तर ती आधी काढावी लागेल, मुळासकट, नाहीतर दुप्पट फुटते. सलग समतल चर खणून गिरिपुष्प लावलेलं असेल तर तिथे सध्या काही होणार नाही. पाणलोटाच्या नावाखाली चांगल्या माळांवर असे चर मारलेले मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं. मुरमाड माळाला ‘पडीक’ म्हणून नोंदवलं की त्यावर काहीतरी ‘उत्पादक’ उभं करण्याची घाई सुरू होते. तुमच्या गावात असा प्रस्ताव येऊ घातला असेल तर तो ग्रामसभेत वेळेवर अडवणं, हे कुंपण घालण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

तिसरी गोष्ट तारांची. माळढोक कुळातले पक्षी जड अंगाचे असतात, समोरचं त्यांना नीट दिसत नाही आणि उडताना तारा चुकवता येत नाहीत. माळावरून उच्चदाबाची वाहिनी जात असेल किंवा पवनचक्क्या, सौर प्रकल्प येणार असतील तर त्याची माहिती आधीच काढा. तारा काढणं तुमच्या हातात नाही. पण पक्ष्यांना दिसतील असे परावर्तक तारांवर लावण्याची मागणी वनविभागामार्फत करता येते.

समजा या तिन्ही बाबतीत तुमचा माळ बरा निघाला. मग काय करायचं?

माझं ठाम मत आहे की सगळी ताकद जुलै ते ऑक्टोबरचा मध्य या काळावर लावावी. तणमोर विणीला याच काळात येतो. मादी गवतात जमिनीवरच खळगा करून अंडी घालते, एकटीच उबवते, त्याला साधारण तीन आठवडे लागतात, आणि त्यापुढे पिल्लं उडती होईपर्यंत आणखी महिनाभर गवताचा आडोसा हवा असतो. उशिरा बसलेल्या मादीचा हिशेब केला तर ऑक्टोबर उजाडतोच. सौराष्ट्रात ‘वीडी’ म्हणून राखीव कुरणं असतात. पावसाळाभर तिथे गुरं सोडत नाहीत आणि दिवाळीच्या सुमारास गवत कापून साठवतात. ही व्यवस्था जनावरांच्या चाऱ्यासाठी होती, पण तिच्या आश्रयाने तणमोर टिकून राहिला. भावनगरजवळच्या वेळावदरला आजही पावसाळ्यात नर उड्या मारताना दिसतात. आपल्याकडेही जुन्या लोकांना कुरण राखणं माहीत होतं. तुमच्या आजोबांच्या वेळी गायरानाची राखण कोण करायचं, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मला खात्री आहे, काहीतरी पद्धत असणारच.

यात एक अडचण आहे आणि ती लपवून उपयोग नाही. मारवेलसारखं गवत फुलोऱ्यात असताना कापलं तर चारा सकस मिळतो. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबलात तर ते निबर होतं, जनावरं तितक्या आवडीने खात नाहीत, भावही कमी येतो. हा खरा तोटा आहे आणि तो शेतकऱ्याने एकट्याने सोसावा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून मी सगळा माळ बंद ठेवायला सांगत नाही. गावाजवळचा आणि पाण्याजवळचा भाग नेहमीसारखा कापा, चारा. मधला, वस्तीपासून लांबचा, थोडा उंचवट्याचा तुकडा, एकूण क्षेत्राचा तिसरा हिस्सा म्हणा, तेवढा उशिरापर्यंत राखा. दुसऱ्या वर्षी वेगळा तुकडा धरलात तरी चालेल. वर्षानुवर्षं एकच भाग अजिबात चराईविना ठेवला तर गवत दाट, निबर होऊन पिंजारतं आणि त्यात तणमोराला हिंडता येत नाही. गुडघ्याच्या आसपासचं गवत, मधूनमधून मोकळी जागा, अशी ठेवण त्याला मानवते.

कापणी विळ्याने करा, ब्रश कटरने नको. विळ्याने कापणारी बाई एकेक मूठ पुढे सरकते. समोरचं गवत हललं की तिला कळतं. मादी अंड्यांवरून सहसा शेवटच्या क्षणी उठते, अगदी पायाशी येईपर्यंत दबून राहते. ती उठली तर तिथेच थांबायचं, चहूबाजूंनी पंधरा-वीस पावलांचं गवत तसंच सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला कापायला लागायचं. अंड्यांजवळ उभं राहून फोटो काढायचे नाहीत, खुणेची काठी रोवायची नाही. काठी बघून कावळे येतात, पायवाटेने कुत्री येतात. कापणारे तोंडाने आवाज करत आणि मधून बाहेरच्या बाजूला सरकत गेले तर पिल्लांना पळायला वाट मिळते. कडेकडेने गोल कापत आत गेलात तर ती मधे कोंडली जातात.

कुत्र्यांचा विषय आला म्हणून सांगतो, माळावरच्या भटक्या कुत्र्यांकडे लोक फार कमी लक्ष देतात. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या माळाच्या कडेला टाकतात, त्यावर कुत्र्यांची टोळी पोसली जाते आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या एकाही पक्ष्याची वीण ती यशस्वी होऊ देत नाही. कोंबड्या खड्ड्यात पुरायला लावणं हा गावपातळीवरचा निर्णय आहे, त्याला ना निधी लागतो ना परवानगी. मला विचाराल तर पहिल्या वर्षी एवढं एकच काम केलंत तरी माळावर फरक दिसेल.

फवारणीचंही तसंच. तणमोराच्या पिल्लांचं खाणं म्हणजे नाकतोडे, टोळ, भुंगे, अळ्या. मक्यावर लष्करी अळी आल्यापासून तुमच्या भागात फवारण्या वाढल्या आहेत, हे मला माहीत आहे. शेजाऱ्यांना फवारू नका म्हणून कोणी ऐकणार नाही आणि तसं सांगणं रास्तही नाही. पण माळाला लागून असलेल्या दोन-चार शेतांत मक्याऐवजी मूग-उडीद घेता येतो का, बांधावर तणनाशक मारणं थांबवता येतं का, एवढं बोलून बघा.

आता माणसांबद्दल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेतो, कारण बहुतेक प्रयत्न इथेच मोडतात. गायरान राखायचं म्हटलं की पहिला घाव मेंढपाळांवर बसतो. धनगर, ठेलारी कुटुंबांची कोकरं पावसाळ्यात याच गवतावर वाढतात. त्यांना न विचारता ग्रामसभेने चराईबंदीचा ठराव केला तर तो कागदावरच राहील, वर गावात वैर होईल ते वेगळंच. आधी त्यांच्या वाड्यावर जाऊन बसा. कुठला भाग त्यांना सोडणं परवडतं, ते त्यांनाच विचारा. माळावर रोज पहाटेपासून असणारी तीच माणसं आहेत. तणमोर उतरला तर तुमच्या-माझ्या आधी त्यांना दिसेल. विदर्भात अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजातले लोक तणमोर राखायच्या कामात पुढे आले आहेत. माळावरच्या पाखरांचा माग त्यांच्याइतका कोणाला कळत नाही, आणि तेच ज्ञान तिथे राखणीला कामी आलं.

गावाने ठरवलं तर किती लवकर फरक पडतो याचं उदाहरण नागालँडमध्ये आहे. दोयांग जलाशयावर पांगती आणि आजूबाजूच्या गावांत २०१२ साली स्थलांतर करणारे अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात धरून मारले जात होते. गावसभा, चर्च, वनविभाग आणि काही कार्यकर्ते एकत्र बसले आणि २०१३ च्या हंगामात तिथे जाळी लागली नाहीत. अमूर ससाणा तणमोराइतका दुर्मीळ नाही, आणि शिकार थांबवणं हे हरवलेलं गवत परत आणण्यापेक्षा सोपं आहे, हे मान्य. पण निर्णय गावाचा होता आणि तो एका वर्षात अमलात आला.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: अंडी-पिल्लं नाही, झाडं नाही, चर नाही. सलग माळ किती उरलाय ते आधी पाहा, त्यातला तिसरा हिस्सा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राखा, कोंबड्या पुरा, मेंढपाळांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्या.

राहिलं नोंदींचं. तणमोर आहे की नाही हे कळणार कसं? मादी जवळजवळ दिसतच नाही, म्हणून मोजणी नेहमी उड्या मारणाऱ्या नरांची होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत, पाऊस उघडलेल्या सकाळी, उजाडताच माळाच्या कडेला उंचवट्यावर बसा. गवतात शिरू नका. अर्धा तास नुसती गवताची शेंडी न्याहाळत राहा आणि कान उघडे ठेवा. उडी क्षणभराचीच असते, काळं-पांढरं काहीतरी वर येऊन गेलं एवढंच पहिल्यांदा जाणवतं. जागा लक्षात ठेवा, मागचं एखादं झाड किंवा खांब धरून. नर पुन्हा पुन्हा त्याच जागी उडतो. तसं झालं नाही तर बहुधा तुम्ही दुसरं काही पाहिलंत. तणमोर दिसला म्हणून मला आलेल्या फोटोंत तित्तर असतात, करवानक असतात, लांडोरीची पिल्लंही असतात. त्यात चुकीचं काही नाही, पाठवत राहा.

तारीख, वेळ, किती वेळ बसलात आणि काय दिसलं, हे वहीत लिहा. काही दिसलं नाही तर तेही लिहा. पावसाने दगा दिला त्या वर्षी तणमोर एखाद्या भागात येतच नाही, दुसरीकडे जातो. त्यामुळे एका वर्षीच्या शून्यावरून काही ठरत नाही. पाच-सहा पावसाळ्यांच्या शून्यावरून ठरतं, आणि तसं शून्य प्रामाणिकपणे लिहिलेलं असेल तर त्याला किंमत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे-जूनमध्येही डोळे उघडे ठेवा. हे त्याच्या येण्या-जाण्याचे दिवस आहेत, आणि वाटेत एखादा उतरला तर दख्खनच्या पठारावर तो कुठे थांबतो हे कळायला त्याची मदत होईल. गावाची जैवविविधता नोंदवही असेल तर त्यात आजोबांची आठवणही घाला, कुठला माळ, साधारण कुठलं दशक, एवढ्या तपशिलासह.

आणि समजा दिसलाच. मग वनरक्षकाला आणि वनक्षेत्रपालांना कळवा, लेखी कळवा. जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका. फोटोवाल्यांच्या गाड्या एकदा माळात शिरल्या की नर जागा सोडतो आणि मादीचं घरटं चाकाखाली जायला वेळ लागत नाही. आवाज वाजवून त्याला बाहेर काढण्याचा प्रयत्न कोणी करत असेल तर तिथेच थांबवा.

शेवटी खर्चाबद्दल. मध्य प्रदेशात सैलानाला तणमोराचं अभयारण्य १९८३ सालापासून आहे आणि तिथल्या वनविभागाने शेतात तणमोर दिसल्याची खबर देणाऱ्या आणि घरटं राखणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षीस देण्याची योजना चालवली. अशा योजनेची मागणी आपल्याकडेही करता येईल. पण ती मंजूर होईपर्यंत थांबू नका. तुमच्या बारा एकरांपैकी चार एकर उशिरा कापल्याने चाऱ्यात किती फटका बसतो याचा हिशेब या वर्षी ठेवा, कापलेल्या पेंढ्या मोजून. पुढच्या वर्षी ग्रामसभेत किंवा वनविभागाकडे जाल तेव्हा हातात तो आकडा असू द्या. येत्या जूनच्या आधी गायरानाचा सातबारा आणि नकाशा तलाठ्याकडून काढून घ्या आणि मला पाठवा. कुठला तुकडा राखायचा ते आपण दोघं मिळून ठरवू.